जर्सी सिटीतलं मोफत प्री-के: शाळेचे गुण बाजूला ठेवा, वर्ग बघा

एका आई-बाबांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहणारं कुटुंब, आई-बाबा दोघंही मॅनहॅटनला नोकरीला. मुलगी या उन्हाळ्यात तीन वर्षांची होतेय, सप्टेंबरपासून प्री-केला, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गाला, जाईल. समोर तीन पर्याय आहेत. एक, घरापासून चालत जाण्याजोगी सरकारी शाळा. शाळांना गुण देणाऱ्या एका संकेतस्थळावर तिला दहापैकी चार गुण आहेत. दुसरी, आठ गुणांची, पण दुसऱ्या वॉर्डात, गाडीशिवाय जाणं अवघड. आणि तिसरं, डिस्ट्रिक्टशी, म्हणजे शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळाशी, करार असलेलं खासगी बालकेंद्र, जिथे संध्याकाळी सहापर्यंत मुलं ठेवता येतात. यातलं चांगलं कोणतं, आणि तुलना कशाच्या आधारावर करायची?

मी न्यू जर्सीतल्याच दुसऱ्या एका डिस्ट्रिक्टमध्ये बरीच वर्षं प्री-केचा वर्ग घेतला. आता शिक्षिकांच्या वर्गात बसून त्यांना मार्गदर्शन करते. सरकारी शाळांतले वर्ग आणि करारावरच्या केंद्रांतले वर्ग, दोन्ही सतत बघत असते. त्यामुळे उत्तर लांबेल, पण कामाचं असेल.

आधी ते चार आणि आठ हे आकडे मनातून काढा. हे गुण मुख्यतः राज्याच्या परीक्षांवरून काढलेले असतात आणि न्यू जर्सीत त्या परीक्षा तिसरीपासून सुरू होतात. म्हणजे तो आकडा आठ-नऊ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलांचा आहे. त्यातली कितीतरी मुलं त्या इमारतीत प्री-केला आलेलीही नसतात. कुणी दुसऱ्या केंद्रातून आलेलं असतं, कुणी दुसऱ्या राज्यातून, कुणी भारतातून थेट दुसरीत. शिवाय परीक्षेचे गुण वस्तीच्या उत्पन्नाच्या मागोमाग जातात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. तळमजल्यावरच्या प्री-केच्या खोलीत तीन वर्षांच्या मुलाशी कोण कसं बोलतं, याचा त्या आकड्यात मागमूसही नसतो. मराठी पालकांच्या गटांत हे आकडे एकमेकांना पाठवले जातात, त्यावरून घरं बदलली जातात, आणि प्री-केची निवडही त्यावरूनच होते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यात चांगले वर्ग बघायचेच राहून जातात.

आता या व्यवस्थेबद्दल थोडं, कारण ती कळली की तुलनेतली निम्मी ओझी आपोआप उतरतात. न्यू जर्सीत गरीब शहरांतल्या शाळांना पुरेसा निधी मिळत नाही म्हणून 1981 मध्ये ॲबट विरुद्ध बर्क नावाचा खटला दाखल झाला. तो कित्येक वर्षं चालला. 1998 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की या शहरांतल्या सगळ्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांना दर्जेदार प्री-स्कूल मिळालं पाहिजे. पुढे अशा डिस्ट्रिक्टची संख्या 31 झाली. जर्सी सिटी त्यातलं एक, शेजारचं होबोकेनही, नेवार्क, युनियन सिटी, न्यू ब्रन्सविकही. म्हणून जर्सी सिटीत जे मोफत आहे ते तुमच्या एखाद्या मित्राच्या उपनगरात मिळेलच असं नाही. राज्य गेली काही वर्षं नवी डिस्ट्रिक्ट या योजनेत घेत आहे, पण सगळी अजून आलेली नाहीत.

इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. बरेच मराठी पालक समजतात की हे गरिबांसाठी आहे, आपलं उत्पन्न बघून नाकारतील. तसं नाही. या जुन्या 31 डिस्ट्रिक्टमध्ये उत्पन्नाची अट नाही. मूल त्या शहरात राहतं याचा पुरावा लागतो, वयाची अट लागते, लसींची नोंद लागते. व्हिसा कोणता आहे यावरही प्रवेश अवलंबून नसतो. घरभाड्याच्या खालोखालचा खर्च डे-केअरवर करणारी आणि ही योजना आपल्यासाठी नाहीच असं धरून चालणारी घरं मी पाहिली आहेत. तुम्ही निदान तो टप्पा ओलांडलाय.

तुमच्या तुलनेसाठी पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. या योजनेत पैसे येतात तसे नियमही येतात, आणि ते सरकारी शाळेतल्या वर्गाला आणि करार केंद्रातल्या वर्गाला सारखेच लागू असतात. वर्गात जास्तीत जास्त 15 मुलं. एक पदवीधर शिक्षिका, तिच्याकडे प्री-स्कूल ते तिसरीपर्यंत शिकवण्याचं राज्याचं प्रमाणपत्र. सोबत एक मदतनीस. दिवस सहा तासांचा, शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे. अभ्यासक्रम डिस्ट्रिक्ट निवडतं आणि तोच सगळीकडे चालतो, मग ते हायस्कोप असो, क्रिएटिव्ह करिक्युलम असो किंवा टूल्स ऑफ द माइंड. करार केंद्रातल्या शिक्षिकेचा पगारही डिस्ट्रिक्टच्या शिक्षिकेच्या तोडीचा असावा अशी रचना आहे. माझ्यासारखे प्रशिक्षकही दोन्हीकडे जातात.

म्हणजे एकाच डिस्ट्रिक्टमध्ये तुलना करताना वर्गातली मुलं किती, शिक्षिका शिकलेली आहे का, अभ्यासक्रम कोणता हे प्रश्न तुम्हाला फार काही सांगणार नाहीत. उत्तरं तिन्हीकडे तीच येतील. केंद्राच्या माहितीपत्रकात त्यांच्या खास पद्धतीचं कौतुक वाचून भारावून जायचंही कारण नाही. त्या सहा तासांत तिथेही डिस्ट्रिक्टचाच अभ्यासक्रम चालतो.

फरक पडतो तो खोलीच्या आत. एकाच इमारतीत समोरासमोरच्या दोन वर्गांत जमीन-अस्मानाचा फरक मी पाहिला आहे. म्हणून माझं सांगणं असं की तिन्ही ठिकाणी जा आणि सकाळी जा. मुलं आपापल्या कोपऱ्यांत खेळत असतात तो वेळ मागून घ्या आणि निदान अर्धा तास भिंतीला टेकून शांतपणे उभे राहा. मुलांकडे कमी आणि मोठ्यांकडे जास्त बघा.

काय बघायचं ते एका उदाहरणानं सांगते. ठोकळ्यांच्या कोपऱ्यात एक मुलगा लाकडी फळ्यांचा उतार करून त्यावरून गाडी सोडतोय. गाडी अर्ध्यात अडकते. तो पुन्हा सोडतो, ती पुन्हा अडकते. एका वर्गात शिक्षिका तिथून जाताना म्हणते, "व्वा, छान! ही गाडी कुठल्या रंगाची आहे?" मुलगा म्हणतो, "लाल." ती म्हणते, "शाब्बास," आणि पुढच्या टेबलाकडे जाते. मुलाला लाल रंग आधीच येत होता. त्याला अडचण होती ती गाडीची.

दुसऱ्या वर्गात हाच खेळ चाललाय. शिक्षिका खाली जमिनीवर बसते आणि आधी नुसतं बघते. मग म्हणते, "मघाशी सुरुवातीला जोरात आली आणि इथे थांबली. काय झालं असेल?" आणि गप्प राहते. मुलगा फळीवरून बोट फिरवतो, दोन फळ्या जुळतात तिथे बोट अडखळतं. "इथे वर आलंय." ती म्हणते, "हो की, ही फळी त्या फळीपेक्षा जाड आहे. मग?" तो उठून कपाटाकडे जातो. शेजारची मुलगी सांगते, पातळ फळीखाली पुठ्ठा घाल. दोघांचं थोडं भांडणही होतं. शिक्षिका फक्त एवढंच विचारते, "तुझा पुठ्ठा घातला तर काय होईल असं तुला वाटतं?" हे सगळं दोन-तीन मिनिटांत उरकतं. पण त्या दोन-तीन मिनिटांत नवे शब्द आले, कारण आणि परिणाम आला, दुसऱ्याचं ऐकणं आलं, आणि आपल्याला प्रश्न सोडवता येतो हा विश्वास आला.

तुम्हाला शोधायचाय तो हा दुसरा वर्ग. शिक्षिका प्रश्न विचारून थांबते का? मूल अडखळत बोलतं तेव्हा त्याचं वाक्य ती स्वतःच पुरं करून टाकते की वाट बघते? मुलाच्या बोलण्यावरून पुढचं बोलणं होतं का, की आधीच ठरलेला प्रश्न येतो? मदतनीसही मुलांशी बोलते की नुसती टेबलं पुसते आणि रांगा लावते? चांगल्या वर्गात पाहुण्याला पटकन कळत नाही की शिक्षिका कोण आणि मदतनीस कोण. वर्गांचं मोजमाप करण्यासाठी देशभर क्लास नावाचं एक साधन वापरतात, एक ते सात गुणांचं. त्यात मायेनं वागणं आणि वर्गाची शिस्त यांना बऱ्याच ठिकाणी चांगले गुण पडतात. विचाराला चालना देणाऱ्या संवादाचा भाग मात्र जवळजवळ सगळीकडे सगळ्यात कमी असतो. प्रेमळ शिक्षिका पुष्कळ भेटतील. प्रेमळ असून मुलाशी खरोखर बोलणारी शिक्षिका दुर्मिळ आहे. सापडली तर मग ती कितव्या मजल्यावर आणि कुठल्या रंगाच्या इमारतीत शिकवते हे बघत बसू नका.

भिंतींवर काय लावलंय हेही बघा. एकाच साच्यातली पंधरा टर्की किंवा पंधरा स्नोमन टांगलेले दिसले तर समजा, कात्रीकाम मोठ्यांनी केलंय. पंधरा चित्रं पंधरा तऱ्हांची असली, काहींचा अर्थही लागत नसला, आणि खाली मुलानं सांगितलेलं वाक्य शिक्षिकेनं जसंच्या तसं लिहिलं असलं तर ती चांगली खूण. बऱ्याच वर्गांत दाराशी हजेरीचा कागद असतो, मुलं आल्यावर त्यावर आपापलं नाव लिहितात. शिक्षिकेला विचारा, सप्टेंबरचे आणि आताचे कागद दाखवाल का. सप्टेंबरात नुसत्या रेघोट्या, हिवाळ्यात नावातलं पहिलं अक्षर, वसंतात वाकडंतिकडं पण पूर्ण नाव, असा प्रवास मुलाच्या हातानं झालेला दिसतो. असे कागद जपून ठेवणारी शिक्षिका प्रत्येक मुलाकडे लक्ष देते, हा माझा अनुभव आहे.

आणि वेळ कसा जातो ते बघा. हात धुण्यासाठी रांग, बाथरूमसाठी रांग, खाली जाण्यासाठी रांग, सगळी बसेपर्यंत गालिच्यावर वाट बघणं, यातच सकाळ संपते का? मुलांना स्वतः निवडलेला खेळ निदान तासभर सलग मिळतो का? रोज बाहेर नेतात का, थंडीतही? हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण नाही. टेनेसी राज्याच्या सरकारी प्री-केचा मोठा अभ्यास झाला, त्याचे सहावीपर्यंतचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. सोडतीत जागा मिळालेली मुलं, जागा न मिळालेल्या मुलांपेक्षा सहावीत मागे पडलेली निघाली. ते वाचून पुष्कळ जण हादरले. आमच्यापैकी जे रोज वर्ग बघतात त्यांना मात्र यात एक ओळखीची गोष्ट दिसली: सरकारी, मोफत, प्रमाणित शिक्षिका, हे सगळं असूनही मुलांचा दिवस वाट बघण्यात आणि गप्प बसून ऐकण्यात गेला तर फायदा होत नाही.

याउलट न्यू जर्सीच्या याच योजनेतल्या मुलांचा रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी पाचवीपर्यंत पाठपुरावा केला. भाषा, गणित आणि विज्ञान, तिन्हींत फायदा टिकलेला दिसला. एकाच इयत्तेत पुन्हा बसावं लागलेल्या मुलांचं प्रमाण प्री-के न केलेल्यांत 19 टक्के होतं, केलेल्यांत 12 टक्के. आणि दोन वर्षं प्री-के केलेल्या मुलांना एक वर्ष केलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला. तुमच्यासाठी याचा थेट अर्थ असा: आठ गुणांच्या शाळेत पुढच्या वर्षी जागा मिळेल या आशेवर हे वर्ष वाया घालवू नका. तीन वर्षांच्या मुलांसाठीची जागा बऱ्या वर्गात मिळत असेल तर घ्या.

आता आपल्या लोकांचा खास प्रश्न. वर्ग बघून आल्यावर आजी-आजोबा विचारतात, किंवा व्हिडिओ कॉलवर पुण्याहून, ठाण्याहून विचारलं जातं, "तिथे लिहायला काही शिकवतात की नाही? इथे ज्युनियर केजीतली मुलं दोन अंकी बेरजा करतात." हा दबाव खरा आहे, मी तो माझ्या घरातही सोसलाय. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला रोज वर्कशीट देणारा वर्ग दिसला तर मी तो जमेच्या नव्हे, खर्चाच्या बाजूला मांडते. हाताची बोटं माती मळून, मणी ओवून, कात्री चालवून तयार होतात. मग पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. हे अमेरिकेचं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला दगड, पानं, शिंपले, बिया घेऊन हेच केलं, तेही झाडाखाली आणि पाड्यावर जाऊन. भारताचं 2020 चं शैक्षणिक धोरण आणि 2022 चा पायाभूत स्तराचा आराखडाही खेळातून शिकण्याचीच भाषा बोलतो. घरच्यांना हे सांगा, आणि नातीनं केलेल्या उताराचा फोटो पाठवा.

भाषेची काळजी तुम्ही प्रश्नात लिहिली नाहीत, पण घरी मराठीच बोलत असाल तर ती असेलच. घरी मराठी चालू ठेवा. प्री-केसाठी म्हणून मोडक्या इंग्रजीकडे वळू नका; ज्या भाषेत तुम्हाला गोष्ट सांगता येते, रागावता येतं, लाड करता येतात ती भाषा मुलाकडे भरपूर असली की दुसरी भाषा त्यावर उभी राहते. बरीच मुलं पहिले काही आठवडे, कधी काही महिने, वर्गात अवाक्षर काढत नाहीत. ऐकत असतात. तिथे शिक्षिका कशी वागते हे मात्र तुलनेचा भाग करा. तिला सरळ विचारा, "घरी दुसरी भाषा बोलणारं मूल आलं तर पहिल्या महिन्यात तुम्ही काय करता?" एकीचं उत्तर येईल, "काळजी करू नका, शिकतात पटापट." दुसरी सांगेल की ती पालकांकडून शब्द मागून घेते, चित्रांचं वेळापत्रक लावते, मुलाला हावभावानं सहभागी करून घेते. दुसरी चांगली. तुम्ही स्वतःहून एक कागद तयार करून द्या: पाणी, शू, शी, दुखतंय, भूक, झोप, आई येणार आहे, भीती वाटते. समोर रोमन लिपीत उच्चार आणि अर्थ. माझ्या ओळखीच्या एका वर्गात असा कागद बाथरूमच्या दारावर चिकटवलेला होता. पहिल्या आठवड्यात रडणाऱ्या मुलीला मदतनिसानं तिच्या उच्चारात "आई येनार आहे" म्हटलं आणि ती मुलगी रडणं थांबवून तिच्याकडे बघत राहिली.

जेवणाचं आधीच विचारा. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण आणि खाऊ सहसा तिथेच मिळतो. शाकाहारी मुलांना मात्र काही ठिकाणी पाव, चीज आणि फळ एवढ्यावर दिवस काढावा लागतो. घरचा डबा चालतो का, शेंगदाण्याची बंदी कितपत कडक आहे (म्हणजे कोशिंबिरीत कूट चालणार नाही, चटणीचा तर प्रश्नच नाही), अंड्याचं कळवलेलं स्वयंपाकघरापर्यंत पोचतं का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. जेवताना शिक्षिका मुलांबरोबर टेबलाशी बसते का हेही बघा. दिवसातल्या सगळ्यात चांगल्या गप्पा तिथे होतात.

डायपरबद्दल: मूल अजून बाथरूमला सांगत नाही म्हणून राज्याच्या निधीतल्या वर्गात प्रवेश नाकारायचा नसतो. कुणी तोंडी तसं म्हणालं तर नम्रपणे डिस्ट्रिक्टच्या बालशिक्षण विभागाला विचारा. तसंच, चावतो, मारतो म्हणून प्री-केच्या मुलाला घरी बसवण्यावर 2016 च्या कायद्यानं कडक बंधनं आणली आहेत. अशा वेळी शिक्षिकेच्या मदतीला डिस्ट्रिक्टची तज्ज्ञांची तुकडी येते. भेटीत विचारा की ही मंडळी शेवटची कधी वर्गात आली होती. लगेच आणि मोकळेपणानं उत्तर मिळालं तर त्या ठिकाणी मदत मागण्याची लाज बाळगत नाहीत असं समजा.

मुलीच्या बोलण्याबद्दल किंवा विकासाबद्दल थोडीही शंका असेल तर शाळेच्या निवडीची वाट न बघता आत्ताच डिस्ट्रिक्टला लेखी विनंती द्या. ईमेल चालतो, पण लेखी हवं. न्यू जर्सीत विनंती मिळाल्यापासून 20 दिवसांत डिस्ट्रिक्टनं बैठक घ्यायची असते, आणि तुम्ही तपासणीला संमती दिल्यापासून 90 दिवसांत तपासणी होऊन, गरज असल्यास मदत सुरू व्हायची असते. हे मोफत आहे. तपासणी मुलाच्या भाषेचा विचार करून व्हायला हवी, कारण इंग्रजी न कळणं हा विकासातला दोष नाही. "मुलगा आहे, उशिरा बोलतो", "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले" असं म्हणत वर्ष-दीड वर्ष घालवलेली घरं पाहून जीव तुटतो. ही विनंती तिन्ही पर्यायांत करता येते. करार केंद्रात मूल असलं तरी जबाबदारी डिस्ट्रिक्टचीच असते.

कागदावरची एक तुलना मात्र उपयोगी आहे आणि ती फारसं कुणी करत नाही. करार केंद्राला राज्याच्या बाल व कुटुंब विभागाचा परवाना लागतो आणि त्याच्या तपासणीचे अहवाल ऑनलाइन वाचायला मिळतात. दोन-तीन वर्षांचे अहवाल एका बैठकीत वाचा. एखादी तुटकी झाकणी, एखादी राहिलेली सही, याला घाबरू नका. ते सगळीकडे निघतं. देखरेखीशिवाय मुलं राहिली, कर्मचारी कमी होते, पार्श्वभूमीची चौकशी झाली नव्हती, अशी नोंद पुन्हा पुन्हा आली तर तिथून परत फिरा. केंद्र ग्रो एनजे किड्स या राज्याच्या मानांकनात असेल तर तेही विचारा, पण तारे मोजून निर्णय करू नका. सरकारी शाळेतल्या वर्गाला असा परवाना नसतो, त्यामुळे तिथे हे वाचायला मिळणार नाही. तिथे मुख्याध्यापकाला प्री-केबद्दल किती माहिती आहे ते बोलून बघा. ज्या शाळेत सगळं लक्ष तिसरीच्या परीक्षेवर असतं तिथे प्री-केचा वर्ग कधीकधी सावत्र मुलासारखा वाढतो.

आणखी एक प्रश्न तिन्हीकडे विचारा: या वर्गाची शिक्षिका इथे किती वर्षं आहे, आणि मदतनीस? करार केंद्रांचा कच्चा दुवा हाच आहे. पगार तोडीचा ठेवला तरी सुट्ट्या, निवृत्तीवेतन आणि नोकरीची शाश्वती डिस्ट्रिक्टकडे जास्त, त्यामुळे चांगल्या शिक्षिका केंद्रात तयार होतात आणि जागा निघाली की शाळेत जातात. जिथे शिक्षिका टिकून आहेत ते केंद्र चालवणारी व्यक्ती काहीतरी नीट करते आहे.

आता तुमच्या तीन पर्यायांबद्दल माझं मत. दोघंही पाथ रेल्वेनं मॅनहॅटनला जाता. प्री-केचा दिवस सहा तासांचा, म्हणजे दुपारी अडीच-तीनच्या सुमारास संपतो. दुसऱ्या वॉर्डातल्या शाळेत घातलंत तर सकाळी आडवाटेनं गाडी, दुपारी कुणीतरी अनोळखी माणूस तिला घेऊन तिसऱ्याच ठिकाणी नेणार, आणि संध्याकाळी तुम्ही तिथून उचलणार. तीन वर्षांच्या मुलीला एका दिवसात तीन जागा आणि निदान चार वेगवेगळी माणसं. आठ गुणांसाठी एवढं करू नका. तो पर्याय मी यादीतून काढला असता.

उरले दोन. घराजवळच्या शाळेत दुपारनंतरची सोय त्याच इमारतीत आहे का, प्री-केच्या मुलांना ती मिळते का, की ती मोठ्यांसाठीच आहे, हे आधी विचारा. नसेल, आणि घरी आजी किंवा कुणी नसेल, तर मी करार केंद्राकडे झुकेन, अट एकच: तिथला वर्ग तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला हवा आणि शिक्षिका टिकलेली हवी. सहा तासांनंतरच्या वेळेचे पैसे वेगळे पडतात आणि त्या वेळेत दुसरीच माणसं असतात, म्हणून एकदा संध्याकाळी साडेचारलाही डोकावून या. सकाळी सुंदर चाललेला वर्ग संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेला मी पाहिलाय. आणि केंद्रात घातल्यानं पुढे किंडरगार्टनला नुकसान होत नाही. तो प्रवेश साधारण घराच्या पत्त्यावरून ठरतो, त्यामुळे "आत्ताच चांगल्या शाळेत शिरकाव करून ठेवू" या हिशेबात फारसा अर्थ नाही.

भेट देऊ दिली जात नाही असं कुठे सांगितलं तर? सुरक्षेमुळे शाळेच्या दिवसात पालकांना वर्गात येऊ देत नाहीत असं काही ठिकाणी होतं. मग माहिती-दिवस विचारा, डिस्ट्रिक्टमध्ये पालक आणि समाजाशी संपर्क ठेवणाऱ्या विशेषज्ञ असतात त्यांच्याकडून वेळ मागा. तेही जमलं नाही तर सकाळी मुलं आत जाताना आणि दुपारी बाहेर पडताना दाराशी उभे राहा. शिक्षिका मुलांशी नाव घेऊन काय बोलते, पालकांशी दोन वाक्यं बोलते का, उशिरा आलेल्या बाबांकडे कशी बघते, एवढ्यातूनही बरंच कळतं. तिथे मूल असलेल्या एखाद्या पालकाला "शाळा चांगली आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "काल तुमच्या मुलानं घरी येऊन काय सांगितलं?" असं विचारा.

नोंदणी लवकर करा, कारण सोयीच्या जागा आधी भरतात. घराचा भाडेकरार किंवा वीजबिल, जन्माचा दाखला, लसींचा कागद हाताशी ठेवा. भारतात घेतलेल्या लसींच्या तारखा इथल्या डॉक्टरकडून इथल्या फॉर्मवर भरून घ्या, नाहीतर नोंदणीच्या खिडकीवरून परत यावं लागतं. प्री-केच्या मुलांना न्यू जर्सीत दरवर्षी 31 डिसेंबरच्या आत फ्लूची लसही लागते, ती राहिली तर जानेवारीत मुलाला वर्गात घेत नाहीत. मनासारखी जागा मिळाली नाही तर मिळालेली स्वीकारून बदलीच्या यादीत नाव ठेवा, ऑक्टोबरपर्यंत बरीच हालचाल होते. आणि आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांची नावं मुलीला घरी घेऊन जाणाऱ्यांच्या यादीत आधीच घाला, आणि पहिल्या दिवशी पासपोर्ट बरोबर न्यायला सांगा; यादीत नाव आणि फोटोचं ओळखपत्र नसेल तर नात कितीही आनंदानं धावत आली तरी तिला त्यांच्या हाती सोपवत नाहीत.